रोजच्या जगण्यात समाजकार्याला हातभार: गोव्यातील वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात वर्षातून दोनदा एकसारखे प्रश्न येतात. चवथीपूर्वी घराची साफसफाई झाली की लोक विचारतात, "हे सामान कुणाला द्यावे?" आणि मार्चअखेरीस विचारतात, "देणगीची पावती कुठे दाखवावी?" मधले दहा महिने हा विषय फारसा निघत नाही. खरे तर मदतीची गरज त्याच दहा महिन्यांत अधिक असते, म्हणून या प्रश्नांची उत्तरे एकत्र लिहून ठेवली आहेत.

दरमहा किती रक्कम बाजूला काढावी?

जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘दशांश’ हा शब्द असे. मुसलमान शेजाऱ्यांकडे जकातीचे प्रमाण वर्षभर साठून राहिलेल्या धनाच्या अडीच टक्के असे ठरलेले आहे. ख्रिस्ती परंपरेतही उत्पन्नाच्या दहाव्या भागाची कल्पना आहे. मात्र घरभाडे, औषधे आणि मुलांचे शिक्षण सांभाळणाऱ्या कुटुंबाने एखाद्या आकड्याचे दडपण घेऊ नये. वर्षातून एकदा पाच हजार देण्यापेक्षा दर महिन्याला चारशे रुपये देणे संस्थेला अधिक उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे, कारण तांदूळ, वीजबिल आणि स्वयंपाकिणीचा पगार हे खर्च दर महिन्याचे असतात आणि एकरकमी देणग्या बहुधा सणाच्या आसपासच येतात. पगार जमा होतो त्याच दिवशी बँकेतून आपोआप रक्कम जाईल अशी सोय करून ठेवली, तर पुन्हा ठरवावे लागत नाही.

संस्था खरी आहे की नाही, हे कसे तपासावे?

संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, हे सर्वप्रथम विचारावे. गोव्यातील बहुतेक संस्था १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात, तर काही न्यास म्हणून नोंदलेल्या असतात. त्यानंतर नीती आयोगाच्या ‘दर्पण’ या संकेतस्थळावर संस्थेचे नाव शोधावे आणि मागील वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब मागावा. तो मागताना संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे देणाऱ्याने हिशेब विचारणे कोतेपणाचे मानले जाते. परंतु चांगल्या संस्थेचे कार्यकर्ते या प्रश्नाने दुखावत नाहीत, उलट कुणी तरी काम समजून घेत आहे म्हणून त्यांना बरे वाटते, असा माझा अनुभव आहे. क्यूआर कोडवरून पैसे पाठवताना पडद्यावर येणारे नाव संस्थेचे आहे की एखाद्या व्यक्तीचे, हे पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये.

याहून चांगला उपाय मात्र गोव्यासारख्या लहान राज्यातच शक्य आहे. पेडण्यापासून काणकोणापर्यंत कोणत्याही संस्थेत एका दिवसात जाऊन परत येता येते. तेव्हा सणाचा दिवस टाळून, आधी कळवून, एखाद्या साध्या मंगळवारी जाऊन यावे.

देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळते का?

मिळते, पण प्रत्येकाला मिळत नाही. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८० जीखाली मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीच्या ५० किंवा १०० टक्के रकमेची वजावट मिळते, आणि अनेक संस्थांच्या बाबतीत त्यावर उत्पन्नाच्या प्रमाणात कमाल मर्यादा असते. दोन हजार रुपयांहून अधिक रक्कम रोख दिल्यास वजावट मिळत नाही. कपडे, धान्य, औषधे अशा वस्तूंच्या रूपातील दानही तिला पात्र नसते. ज्यांनी नवी करप्रणाली निवडली आहे त्यांना ही वजावट मुळीच लागू होत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट अनेकांना विवरणपत्र भरतानाच कळते. जुन्या प्रणालीत असलेल्यांनी साध्या पावतीवर न थांबता संस्थेकडून ‘१० बीई’ हे प्रमाणपत्र घ्यावे. प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६पासून लागू होत असल्याने त्यानंतरच्या वर्षांसाठी कलमांचे क्रमांक वेगळे असतील, म्हणून करसल्लागाराशी बोलताना केवळ ‘८० जी’ या नावावर विसंबू नये.

आमचा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. त्याला गावच्या संस्थेला पैसे पाठवायचे आहेत. पाठवता येतील का?

हा प्रश्न गोव्यात जितका येतो तितका अन्यत्र क्वचितच येत असेल, आणि त्याचे उत्तर मुलगा कुठे राहतो यावर अवलंबून नसून त्याच्याकडे कोणता पासपोर्ट आहे यावर अवलंबून आहे. मुलाने भारतीय नागरिकत्व कायम ठेवले असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकव्यवहाराने पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. संस्थेने त्याच्या भारतीय पासपोर्टची प्रत घेऊन ठेवावी, एवढी काळजी पुरेशी आहे. त्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र तो कायद्याच्या दृष्टीने परदेशी नागरिक आहे. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (मूळ भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असले, तो दरवर्षी चवथीला किंवा नाताळला घरी येत असला, तरी त्याने दिलेला पैसा २०१०च्या विदेशी अंशदान नियमन कायद्याच्या कक्षेत येतो. अशी देणगी स्वीकारण्यासाठी संस्थेकडे त्या कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते, आणि रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत त्या संस्थेच्या ठरावीक खात्यातच जमा व्हावी लागते. २०२०मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर हा नियम आला.

गावातील भजनी मंडळ, वाचनालय किंवा युवक संघ यांच्याकडे अशी नोंदणी सहसा नसते. त्यामुळे प्रेमाने पाठवलेले दोनशे पौंड त्या मंडळाच्या सचिवाला अडचणीत आणू शकतात. पैसे पाठवण्यापूर्वी मुलाने संस्थेला तसे स्पष्ट विचारावे, आणि नोंदणी नसल्यास ती असलेली दुसरी संस्था निवडावी. सुट्टीत घरी आल्यावर चार दिवस वाचनालयाच्या संगणकावर पुस्तकांची यादी करून देणे हीसुद्धा मोलाची मदत आहे, आणि तिच्यासाठी कोणत्याही परवानगीची गरज नाही.

जुने कपडे, भांडी आणि पुस्तके कुठे द्यावीत?

काही वर्षांपूर्वी आम्ही उत्साहाने गावातून कपडे गोळा केले आणि टेम्पो भरून एका आश्रमात नेले. तिथल्या ताईंनी चहा दिला, आभार मानले, आणि निघताना हळूच सांगितले की मागच्या महिन्यात आलेले गाठोडे अजून सोडायचे आहे, पावसाळ्यात त्याला बुरशी धरते आणि शेवटी ते कचऱ्यात पाठवण्याचा खर्च आश्रमालाच करावा लागतो. आम्ही नेलेल्या कपड्यांत बटणे तुटलेले सदरे होते, लग्नातल्या जरीच्या साड्या होत्या आणि आश्रमातील कुणालाही न होणारे लहान बाळांचे झबले होते. त्यांना हवे होते चादरी, आतले नवे कपडे आणि मुलींसाठी सॅनिटरी पॅड. आम्ही आधी एक फोन केला असता तर हे तेव्हाच कळले असते. त्या दिवसापासून न विचारता काहीही न्यायचे नाही, असा नियम आम्ही घालून घेतला आहे.

कपडे द्यायचेच असतील तर धुऊन, दुरुस्त करून, मापाप्रमाणे वेगळे बांधून द्यावेत. जो कपडा आपण शेजाऱ्याला हातात देऊ शकणार नाही, तो आश्रमालाही देऊ नये आणि घरातच पुसणे म्हणून वापरावा.

पुस्तकांच्या बाबतीत गोव्यातील मराठी वाचकाला विशेष संधी आहे. गावोगावच्या मराठी प्राथमिक शाळांत मुलांच्या हाती पाठ्यपुस्तकांव्यतिरिक्त फारसे काही पडत नाही. त्यांना गोष्टींची पुस्तके, शब्दकोश आणि चालू वर्षाची बालमासिके हवी असतात. वीस वर्षांपूर्वीची मार्गदर्शके आणि सुटी झालेली दिवाळी अंकांची पाने त्यांच्या कामाची नसतात. घरात जुना संग्रह असेल, विशेषतः पोर्तुगीज राजवटीतील गोव्यात छापलेली मराठी पुस्तके, नियतकालिके किंवा नाट्यसंहिता असतील, तर त्या रद्दीत घालण्यापूर्वी पणजीतील पाटो भागातल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला दाखवाव्यात. या ग्रंथालयाची परंपरा १८३२पर्यंत मागे जाते आणि जुन्या गोमंतकीय मुद्रितांचे मोल तिथले लोक जाणतात.

लग्नात किंवा जत्रेच्या महाप्रसादात उरलेले अन्न देता येईल का?

देता येईल, परंतु त्याची तयारी जेवणावळीच्या आधी करावी लागते. आपल्या दमट हवेत शिजवलेला भात आणि खतखते दोन तासांहून अधिक काळ तसेच राहिले तर ते धोक्याचे होऊ शकते. पंगतीत वाढलेले ताटातले अन्न कधीही देऊ नये, भांड्यात न वाढता उरलेलेच द्यावे. नारळाच्या रसाचे पदार्थ फार लवकर आंबतात, म्हणून ते टाळून भात, वरण, चपात्या आणि सुक्या भाज्या द्याव्यात. जवळच्या बांधकामावरील मजुरांच्या वस्तीत किंवा आश्रमात किती माणसे आहेत आणि त्यांचे जेवण झाले आहे का, हे सकाळीच विचारून ठेवावे. रात्री साडेदहा वाजता झोपलेल्या मुलांना जिलबीसाठी उठवू नये.

वाढदिवस अनाथाश्रमात किंवा वृद्धाश्रमात साजरा करावा का?

या प्रश्नावर माझ्या घरातही मतभेद आहेत. मुलाला इतरांची जाणीव व्हावी हा पालकांचा हेतू प्रामाणिक असतो. पण आश्रमातील मुलाच्या बाजूने पाहिले, तर अनोळखी मुलाच्या वाढदिवसाला महिन्यातून चार वेळा टाळ्या वाजवणे हे त्याच्यासाठी एक कामच होऊन बसते. त्यातून फोटो काढले जातात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड होईल असे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास २०१५च्या बाल न्याय कायद्याने मनाई केली आहे, आणि मोबाइलवरील स्टेटसही त्यातून सुटत नाही.

त्याऐवजी त्या दिवशीच्या जेवणाचा खर्च गुपचूप द्यावा आणि केक आपल्या घरी कापावा. मुलाला जाणीव द्यायचीच असेल तर त्याला वर्षभर त्याच ठिकाणी नेत राहावे, म्हणजे तिथल्या मुलांची नावे आणि आवडीनिवडी त्याला कळतील. वृद्धाश्रमांनाही हेच लागू आहे. सरकारची सार्वजनिक साहाय्य संस्था, जिला जुनी माणसे अजूनही प्रोव्हेदोरिया म्हणतात, गोव्यात वृद्धाश्रम चालवते. तिथल्या आजोबांना आपल्या पेढ्यांपेक्षा कुणी वर्तमानपत्र वाचून दाखवले तर अधिक आवडते. अनेकांना मधुमेह असतो, हेही लक्षात ठेवावे.

उपचारासाठी मदत मागणारे संदेश मोबाइलवर येतात. पैसे पाठवावेत का?

संदेश पुढे ढकलण्यापूर्वी त्यातील तारीख पाहावी, कारण बरे झालेल्या किंवा दिवंगत झालेल्या रुग्णांचे संदेशही वर्षानुवर्षे फिरत राहतात. कुटुंब ओळखीचे असेल तर पैशांपूर्वी एक गोष्ट विचारावी: त्यांच्याकडे दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आहे का? २०१६मध्ये सुरू झालेल्या गोवा सरकारच्या या योजनेत तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतच्या ठरावीक उपचारांचे संरक्षण मिळते. कार्डाचे नूतनीकरण राहून गेले म्हणून घरातले सोने मोडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांच्यासोबत एक सकाळ घालवून कागदपत्रे पूर्ण करून देणाऱ्याने हजार रुपये पाठवणाऱ्यापेक्षा मोठे काम केलेले असते. पैसे द्यायचे असतील तर शक्यतो थेट रुग्णालयाच्या बिलात भरावेत.

माझ्याकडे पैसे नाहीत, पण निवृत्तीनंतर वेळ भरपूर आहे. मी काय करू शकतो?

या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मला सर्वांत अधिक आनंद होतो, कारण आमच्या वाड्यावर सध्या पैशांपेक्षा वेळाचीच चणचण आहे. मुले दुबईला किंवा बंगळुरूला, घरात दोन म्हातारी माणसे, आणि बसथांबा एक किलोमीटरवर, अशी कितीतरी घरे आहेत. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ज्या आजीला गुडघ्यांमुळे उंबरठा ओलांडता येत नाही, तिचे पैसे केवळ एवढ्या एका कागदासाठी अडतात. निवृत्त शिक्षकाने किंवा बँक कर्मचाऱ्याने आपल्या वाड्यावरील अशा माणसांची यादी करावी, प्रत्येकाचा दाखला केव्हा द्यायचा आहे ते वहीत लिहून ठेवावे आणि त्या दिवशी रिक्षा बोलावून त्यांना घेऊन जावे. आमच्या वाचनालयात अशी एक वही आहे. तिच्यात आता आधार कार्डातील चुका, गॅसची नोंदणी, बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील (गोमेकॉ) तपासणीच्या तारखा अशा नोंदीही आल्या आहेत.

एकच सावधगिरी सांगतो. कुणाचेही एटीएम कार्ड, पिन किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी स्वतःकडे ठेवू नये, विश्वासाने देऊ केला तरी घेऊ नये. बँकेत सोबत जावे आणि रक्कम त्यांच्याच हातांनी मोजू द्यावी. उद्या घरात काही कमीजास्त झाले, तर संशय प्रथम मदत करणाऱ्यावर येतो आणि त्यानंतर त्या वाड्यावर मदतीला कुणी पुढे होत नाही.

घरकामाला येणाऱ्या बाईंना सणाला साडी आणि जास्तीचे पैसे देतो. हे दानात धरावे का?

धरू नये. वेळेवर पगार, आठवड्याची सुट्टी, आजारपणात न कापलेला पगार आणि सणाला बोनस हे त्यांच्या कामाचे देणे आहे. ते पूर्ण चुकते केल्यानंतर, त्यांच्या मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी तुम्ही दोन फेऱ्या मारल्यात, तर त्याला मदत म्हणता येईल.

रक्तदान केव्हा आणि कुठे करावे?

वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमपेक्षा कमी नाही, अशी निरोगी व्यक्ती रक्तदान करू शकते. दोन रक्तदानांत पुरुषांनी किमान ९० दिवसांचे आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे. बांबोळीचे गोमेकॉ आणि मडगाव येथील दक्षिण गोवा जिल्हा रुग्णालय येथे रक्तपेढ्या आहेत. नेत्यांच्या वाढदिवसाला शिबिरे भरतात आणि एकाच दिवशी पिशव्यांचा ढीग जमा होतो, परंतु लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवसच टिकतात आणि प्लेटलेट तर पाचच दिवस. महाविद्यालये बंद असलेल्या मे महिन्यात शिबिरे कमी होतात, आणि पावसाळ्यात डेंगीचे रुग्ण वाढले की प्लेटलेटची मागणी वाढते. म्हणून शिबिराची वाट न पाहता मे किंवा ऑगस्टमध्ये स्वतः रक्तपेढीत जाणारा दाता रक्तपेढीला फार हवा असतो.

भटक्या कुत्र्यांना खायला घालणे योग्य आहे का?

केवळ खायला घालून थांबू नये, त्या कुत्र्याचे निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झाली आहे का ते पाहावे. ‘मिशन रेबीज’ आणि गोवा सरकार यांनी २०१४पासून चालवलेल्या लसीकरणानंतर २०२१मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला. हे यश टिकवण्यासाठी दरवर्षी लस टोचणारे पथक वाड्यावर येते, तेव्हा ओळखीच्या कुत्र्याला धरून देणारा माणूस त्यांना हवा असतो.

रस्त्यावर भीक मागणाऱ्या मुलाला पैसे द्यावेत का?

देऊ नयेत. मुलाला भीक मागायला लावणे हा गुन्हा आहे, आणि दिलेला पैसा बहुधा लावणाऱ्याकडेच जातो. मूल एकटे, आजारी किंवा घाबरलेले दिसले तर १०९८ या क्रमांकावर कळवावे आणि कुणी येईपर्यंत तिथेच थांबावे.

नेत्रदानाचा आणि देहदानाचा अर्ज भरला आहे. आणखी काय करावे लागते?

घरच्यांना सांगावे लागते, आणि तेच बहुतेकांकडून राहून जाते. अर्ज भरलेला असला तरी मृत्यूनंतर फोन करायचा असतो तो घरच्यांनीच, आणि त्यांची संमती नसेल तर काहीही होत नाही. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोपर्यंत पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. चष्मा असलेल्या, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आणि मधुमेही व्यक्तींनाही नेत्रदान करता येते. अवयवदानाबाबतचा १९९४चा कायदा आरंभीच ज्या राज्यांत लागू झाला, त्यांत गोवा होता. तरीही रुग्णालयाच्या ओसरीवर, रडणाऱ्या नातेवाइकांच्या गर्दीत, हा विषय काढण्याचे धैर्य कुणाला होत नाही. म्हणून तो विषय सगळे धडधाकट असताना, चवथीला कुटुंब एकत्र जमलेले असताना काढावा.

माझी सगळी मालमत्ता मृत्युपत्राने एखाद्या संस्थेला देता येईल का?

गोव्यात अपत्ये किंवा आईवडील हयात असतील तर देता येत नाही, आणि महाराष्ट्रातून इथे आलेल्या स्नेह्यांना याचे आश्चर्य वाटते. गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रिया कायदा, २०१२ याने पोर्तुगीज नागरी संहितेतील तत्त्व कायम ठेवले आहे. त्यानुसार अपत्यांसाठी, आणि ती नसल्यास आईवडिलांसाठी, निम्मी मालमत्ता राखीव असते. तिला लेजितिमा म्हणतात. उरलेल्या निम्म्या भागाचीच विल्हेवाट आपल्या इच्छेप्रमाणे लावता येते. शिवाय विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे दोघांच्या मिळून मालमत्तेतील अर्धा वाटा तुमचा, आणि त्याच्या अर्ध्यावर, अर्थात एकूण मालमत्तेच्या चौथ्या हिश्श्यावर, तुमचा मोकळा अधिकार. हयातीत घर किंवा जमीन दान करायची असेल तर जोडीदाराची संमती लागते, आणि राखीव हिश्श्याला बाध आणणारे दान वारस पुढे आव्हान देऊन कमी करून घेऊ शकतात.

साध्या कागदावर सही करून कपाटात ठेवलेल्या मृत्युपत्रावर इथे विसंबू नये. ते तालुक्याच्या उपनिबंधक कार्यालयातील विशेष नोटरीसमोर साक्षीदारांसह करावे. तिथे जाताना संस्थेचे नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसेच अक्षर न् अक्षर लिहून न्यावे, आणि ती संस्था आपल्या पश्चात चालू राहिली नाही तर तो हिस्सा कुणाकडे जावा, हेही त्याच मृत्युपत्रात लिहून घ्यावे.